पुढच्या सीटवरची बायजा

करंज्याच्या बंदरावरून पनवेलला म्हावरं, म्हणजे मासळी, घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये बायजा नेहमी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसायची. बाकीच्या बाया मागे हौद्यात, पाट्या आणि बर्फाच्या लाद्या यांच्या मधोमध. पुढच्या सीटचा मान तिला असाच मिळालेला नव्हता. त्याआधी आमच्या बाया भरतीची वाट बघत होडीनं खाडीतून पनवेल गाठायच्या. भरती चुकली की म्हावरं नरमायचं आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. पनवेलचा एक ट्रकवाला शेठ बंदरापर्यंत गाडी पाठवायला तयार होईना, तेव्हा बायजा सलग तीन दिवस त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. "रोज पंधरा बाया येतील. ऊन असो, पाऊस असो. मी सांगते म्हंजे येतील." बावन्न-त्रेपन्न सालची ही गोष्ट. गाडी तिच्या शब्दावर यायला लागली, म्हणून पुढची जागा तिची.

तेव्हा ती पस्तिशीची असेल. अंगानं रुंद, आवाज असा की धक्क्यावर उभी राहून बोलली तर होडीतल्या माणसाला ऐकू जावा. आणि खरं सांगायचं तर तिला वेग आवडायचा. तोंडावर वारा येतोय, मिठागरं भराभर मागे पळताहेत, बैलगाडीवाले दचकून बाजूला होताहेत, हे सगळं तिला फार मजेचं वाटायचं. शिवाय बाजारात जी आधी पोचेल तिला नाक्यावरची जागा मिळायची. त्या वेळचा ड्रायव्हर घाटावरचा होता, गप्पिष्ट. बायजा त्याला म्हणायची, "दादा, हान की जरा! म्हावरं झोपलं आमचं." तोही हसून गाडी हाणायचा.

छप्पन सालच्या माघात एक दिवस असाच हसला. जासईच्या अलीकडे मिठागराच्या बांधाला लागून रस्ता वळतो, तिथे पुढे एसटी चालली होती. आमची गाडी तिच्या इतकी मागोमाग होती की शेवटच्या बाकावरच्या माणसाच्या टोपीवरचा तेलाचा डाग बायजाला दिसत होता. "काढ पुढं," ती म्हणाली. ड्रायव्हर तिच्याकडे वळून हसला. एसटीसमोर बैल आडवे आले आणि एसटी थांबली. याची मान सरळ होईपर्यंत उशीर झाला होता. त्यानं गाडी डावीकडे मुरमावर घातली, चाक रुतलं, गाडी बांधाच्या बाजूला कलली आणि तशीच थांबली. उलटली नाही. पण फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या फळीवर, कडेला बसलेली काशी, बायजाची मोठी नणंद, खाली दगडांवर फेकली गेली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती वारली.

गावात रडारड झाली, दिवस झाले, आणि माणसं बोलायची ते बोलू लागली. कोणी म्हणालं, तिचं आयुष्य तेवढंच होतं. कोणी म्हणालं, गाडी सुरू केली तेव्हा द्रोणागिरी देवीला नारळ दिला नव्हता. बायजा मात्र येईल त्याला एकच सांगत होती.

"मी हान बोलले. गाडी एसटीला चिकटली व्हती. चार वाव मागं असती तर काशी आज पाटी घेऊन बसली असती."

तिचा नवरा तुळशीराम डोल जाळ्याच्या होडीवर मासेमारीला जाणारा, कमी बोलणारा माणूस. तो एकदा वैतागून म्हणाला, "पोलिसानं सुदिक तुला इचारलं नाय. मंग तू कशाला गावभर सांगतेस?"

"कोनीच इचारत नाय म्हनून सांगते," बायजा म्हणाली. "समदी नशीब नशीब करतात. नशिबाला ब्रेक हाय काय? गाडीला हाय."

लोकांना हे बोलणं आवडलं नाही. शोक झाल्यावर माणसानं गप्प बसावं, असा रिवाज. ही बाई, दोरी हातांनी मोजावी तशी वावांत, हिशेब मांडल्यासारखी अंतर सांगत होती.

घाटावरचा ड्रायव्हर त्या अपघातानंतर आला नाही. शेठनं दुसरा पाठवला, गोटीराम. तळोज्याकडचा आगरी, पंचविशीचा. आधी बैलगाडी हाकलेली, मग मिठाचा ट्रक. पहिल्याच दिवशी बायजा त्याच्या गाडीत चढली नाही. बंदराच्या उतारावर गाडी उभी करून तिनं त्याला सांगितलं, "थोडी पुढं घे आनि ब्रेक दाब." त्यानं दाबला. "परत." त्यानं परत दाबला. "तिसऱ्यांदा."

"बाय," गोटीराम म्हणाला, "गाडी मी चालवायची का तू?"

"तूच चालव. पन मागं पंधरा बाया असायच्या. त्यातल्या चवदा मना आत्या, काकी, मावशी लागतात. पंधरावी वारली."

गोटीरामनं तिसऱ्यांदा ब्रेक दाबला.

बायजाला गाडी चालवता येत नव्हती, अक्षर येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं. पण रोज जाऊन-येऊन पंधरा-सोळा कोसांचा रस्ता पुढच्या काचेतून बघायचा, आणि बघताना दुसरं काही करायचं नाही, हा नेम तिनं धरला. तिनं एक युक्ती काढली. पुढची गाडी एखाद्या झाडाशी किंवा मैलाच्या दगडाशी पोचली की ती मोजायला लागायची, बाजारात बोंबलाचे वाटे मोजावेत तसं, एका लयीत: एक झाला, दोन झाले, तीन झाले, चार झाले. चार व्हायच्या आत आपली गाडी त्या झाडाशी पोचली तर ती म्हणायची, "जवल हायस. माग हो." पावसात सहापर्यंत मोजायची. गोटीराम आधी चिडायचा, मग सवयीनं तोही ओठांतल्या ओठांत मोजायला लागला.

तिचे बाकीचे नियमही असेच बघून बघून झालेले. फाळक्यावर कोणी बसायचं नाही. मोरीच्या अरुंद पुलावर समोरून गाडी येत असेल तर आपण थांबायचं, आपला हक्क असला तरी. बैलगाडीच्या बाजूनं जाताना भोंगा वाजवायचा नाही, कारण भोंग्यानं बैल कुठे उडी मारेल ते बैलालाच माहीत नसतं; तो लांबून वाजवायचा. आणि एसटी उभी असेल तर तिच्या बाजूनं चालत्या माणसाच्या वेगानं जायचं. "एसटीतनं उतरलेला मानूस आंधला असतो," ती म्हणायची. "त्याला घर दिसत असतं, रस्ता दिसत नाय."

हे सगळं ऐकायला बरं. पण गाडी पनवेलला रोज उशिरा पोचायला लागली. फार नाही, पाव तास, कधी अर्धा. नाक्यावरची जागा गेली. आत, मटणवाल्यांच्या मागे, जिथे गिऱ्हाईक शेवटी येतं तिथे आमच्या बाया बसायला लागल्या. मागून हौद्यातून ओरडा यायचा. "गोटीराम, झोपलास का?" "बायजे, त्याला सोड, आमाला बाजार हाय!" बायजा मागच्या जाळीच्या खिडकीतून उलट ओरडायची. कोणी कोणाचं ऐकायचं नाही.

त्यात एका शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गोटीराम आला तो लाल डोळे घेऊन. प्यायलेला नव्हता, पण दोन रात्री नाचून झोप झालेली नव्हती. जांभई देता देता त्यानं गाडीचं दार उघडलं. बायजानं ते लावून घेतलं.

"शेवटचं कवा झोपलास?"

"झोपलू की."

"कवा?"

त्यानं परत जांभई दिली. बायजानं बायांना सांगितलं, गाडी आज जाणार नाही. पाट्या भरलेल्या होत्या, बर्फ घातलेला होता. नुसता कालवा झाला. सखू, जी एरवी बायजाच्या बाजूनं बोलायची, तीसुद्धा पाटी आपटून म्हणाली, "तू आमची सासू हायस का?" तो सगळा माल त्या दिवशी मीठ लावून सुकवायला टाकावा लागला. सुक्याला ओल्याचा भाव कुठून येणार! गोटीराम गाडीतच दुपारपर्यंत झोपला. उठून चहा पिताना म्हणाला, "बाय, मी पोचवली असती." त्यावर बायजा म्हणाली, "पोचवली असतीस. तेच तर. पोचवली असतीस तर उद्या परत तसाच आला असतास." त्यालाही ते पटलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

एकसष्ट साली उरणच्या शिवानं नवा ट्रक आणला. शिवा चलाख, हसरा, गाडी वाऱ्यासारखी चालवणारा. काशीची धाकटी बहीण, म्हणजे बायजाची दुसरी नणंद गोजरा, सात बायांना घेऊन त्याच्या गाडीत गेली. बायजाकडे सहा राहिल्या. रोज सकाळी मिठागराच्या त्याच वळणाच्या आसपास शिवाची गाडी मागून यायची, भोंगा वाजवत बाजूनं निघून जायची आणि हौद्यातून गोजराचा आवाज यायचा, "बायजे, मोटार चालवतंस का होडी वल्हवतंस?" बाया खिदळायच्या. दोन जणी तर फाळक्यावरच बसलेल्या असायच्या, पाय खाली सोडून.

बायजाचे दात आवळले जायचे. तिला त्या बायांची काळजी वाटायची, हे खरं. पण आणखीही काही वाटायचं, आणि ते तिला कोणाला सांगता येत नव्हतं. प्रत्येक वळणावर ती वाट बघायची, की पलीकडे आज शिवाची गाडी आडवी पडलेली दिसेल. दिसली की सगळ्यांना कळेल. दिसायची नाही. वळणापलीकडे मोकळा रस्ता असायचा आणि लांबवर धुरळा. शिवा रोज पोचायचा. महिना गेला, पावसाळा गेला, वर्ष गेलं.

एके दिवशी तिनं रस्त्यावरची नजर न काढता गोटीरामला विचारलं, "तुला वाटतं काय रे, शिवाची गाडी एकदा पालथी व्हावी?"

गोटीरामनं गिअर बदलला. मग म्हणाला, "रोज वाटतं."

त्या दिवशी परतताना बायजा देवळाशी उतरली आणि बऱ्याच वेळानं घरी आली.

त्रेसष्टच्या कार्तिकात ती गोष्ट घडली. रस्त्याकडेच्या एका वाडीपाशी एसटी उभी होती. बायजानं हात आडवा केला, गोटीरामनं वेग कमी केला. बैलगाडीपेक्षा थोडीच जास्त चाल असेल. एसटीच्या तोंडाशी गाडी पोचते तोच पुढून सात-आठ वर्षांची एक मुलगी पळत रस्त्यात आली. छातीशी दोन्ही हातांनी कंदिलाची काच धरलेली, नजर काचेवर. गोटीराम ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. गाडी थांबली तेव्हा बायजाला बॉनेटच्या वर मुलीच्या डोक्याची फक्त रिबीन दिसत होती, तांबडी. मग ती रिबीन खाली गेली. मुलगी गुडघ्यांवर पडली, लगेच उठली, काच तशीच छातीशी धरून बाभळींतून पळाली आणि दिसेनाशी झाली. एसटी घंटी वाजवून चालू पडली. तिच्यातल्या कोणी काही पाहिलं असेल, तर ते त्याच्याबरोबर गेलं.

मागे हाहाकार झाला होता. बर्फाच्या लाद्या सरकल्या, वर रचलेल्या पाट्या कलंडल्या, तीन पाट्या बाजूच्या फळीवरून रस्त्यावर गेल्या. पापलेटं धुळीत. कुत्री कुठून आली कळलं नाही. सखूचं तोंड पुढच्या फळीवर आपटून समोरचा दात पडला होता.

"पोर आलं व्हतं मधी," बायजा खाली उतरून ओरडली. "पोर वाचलं!"

"कुठं हाय पोर?" सखूनं रक्त थुंकत विचारलं.

सगळ्यांनी रस्त्यावर बघितलं. पोर नव्हतं. कोऱ्या धुळीत चाकांच्या दोन काळ्या रेघा होत्या आणि म्हावरं.

"गोटीरामला इचारा."

"गोटीराम तुजाच हाय," दुसरी म्हणाली. "तू बोलशील तेच बोलनार."

शेठला हे कळल्यावर त्यानं गोटीरामला बाजारात, माणसांदेखत सुनावलं. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारणारा ड्रायव्हर मला नको, म्हणाला. गोटीराम मान खाली घालून उभा. तो एवढंच म्हणाला, "पोर व्हतं, शेठ." शेठनं विचारलं, "लागलं का त्याला?" "नाय लागलं." "मग?" गोटीराम हौदा धुवायला गेला.

बायजाच्या डोक्यातून मात्र ते जाईना. त्या दुपारी ती परतीच्या गाडीतून वाडीपाशी उतरली. पंधरा-वीस घरं. दारोदार जाऊन ती विचारत सुटली, तांबड्या रिबिनीची पोर कोणाची? सकाळी कंदिलाची काच आणायला कोण गेली होती? बायका तिच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, आमची पोरं रस्त्यावर जात नाहीत. एका घरापाशी मात्र तिला कोनाड्यात कंदील दिसला. काच नवीकोरी, तिच्यावरची दुकानाची कागदी चिठ्ठीही अजून काढलेली नव्हती. आणि दाराआड तांबडी रिबीन.

"हीच ती!" बायजाला हायसं वाटलं. "बाय, तुजी पोर वाचली आज. आमच्या गाडीखाली आली असती."

त्या बाईचा चेहरा दगडासारखा झाला. "माझी पोर सकाळधरनं घरात हाय. ताप हाय तिला."

"अगं, गुडघा बघ तिचा, खरचटलाय."

"पडली अंगणात."

बायजाच्या मग लक्षात आलं. "मना भरपाई नको. म्हावऱ्याचं काय मागायला नाय आले मी. फकस्त एकदा बंदरावर येऊन सांग, पोर व्हती म्हनून. सहा बायांना सांग. मी गाडीनं आनते, गाडीनं सोडते."

"माझी पोर घरात व्हती," ती बाई म्हणाली आणि तिनं दार लावलं. आतून मुलीला चापट मारल्याचा आवाज आला.

बायजा रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत उभी राहिली. राग कोणावर काढायचा, हे तिला कळेना. त्या आईवर काढण्यासारखं काही नव्हतं. परक्या बाईनं दारात येऊन पोरीचा गुन्हा सांगितला की कुठलीही आई तेच करते. घरी आल्यावर तुळशीरामनं विचारलं, "भेटली पोर?"

"भेटली."

"मंग?"

"आई बोलते, पोर घरात व्हती."

तुळशीराम जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही. पण त्याचं हसू लपलं नाही, आणि त्या हसण्यावरून दोघांचं असं भांडण झालं की शेजारी सोडवायला आले.

गोष्ट गोजरापर्यंत पोचायला दोन दिवस लागले. पनवेलच्या बाजारात दुपारी, गिऱ्हाईक पांगल्यावर, ती मुद्दाम आतल्या बाजूला आली. "आयकलं काय," ती सगळ्यांना म्हणाली, "आमच्या वयनीला आथां रस्त्यावर पोरं दिसायला लागलीत. कोनाला दिसत नाय, तिलाच दिसतात."

बायजा उठली. हातात कोयती होती, ती तिनं खाली ठेवली. "गोजरे, तुज्या गाडीत फालक्यावर बाया बसतात. काशी तिथंच बसली व्हती. तुजी सख्खी बहीन. तुला कायच कसं वाटत नाय? चार वाव मागं असती गाडी तर..."

"गप!" गोजरा एवढ्या मोठ्यानं ओरडली की मटणवालेसुद्धा बघायला लागले. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "सात वर्सं झाली, तू सांगतेस. मी हान बोलले, मी हान बोलले. तुला बोलून मोकलं वाटतं. माजं काय? तू बोलतेस ते खरं असंल तर माजी बहीन तू मारलीस. मंग मी तुज्या घरी पानी कशी पिऊ? भावाकडं राखी घेऊन कशी येऊ? म्हनून मी नशीब बोलते. मना बोलू दे नशीब."

इतक्या वर्षांत बायजाच्या हे मनातच आलं नव्हतं. लोक अडाणी आहेत, आंधळे आहेत, असं ती समजत होती. गोजराला सगळं दिसत होतं, पहिल्या दिवसापासून. दिसत होतं म्हणूनच ती डोळे मिटून होती. बायजा पाटीपाशी बसली आणि उरलेले बोंबील उगाच इकडचे तिकडे करत राहिली.

त्यानंतर काशीचं नाव तिनं गोजरासमोर काढलं नाही. गाडीत मोजायचं मात्र सोडलं नाही. झालं इतकंच की आता तिची चिडचिड नुसती बाहेर नव्हती, आतही होती. आणि आतली जास्त वाईट.

पासष्ट साली गोटीराम गेला. ठाणे-बेलापूरकडे कारखाने उभे राहत होते, तिथे एका कारखान्यात त्याला ट्रकवर नोकरी लागली. नऊ वर्षांत त्याच्या हातून कोणाला खरचटलं नव्हतं, सखूचा दात सोडला तर. शेठ त्याला निरोप द्यायलाही आला नाही. त्याच्या मते गोटीराम म्हणजे उशीर करणारा ड्रायव्हर. जाताना गोटीरामनं बायजाच्या पायाला हात लावला. ती म्हणाली, "तिथं सायेब लोक घाई करतील." तो म्हणाला, "करतात. कालच इचारलं, दिवसाला फेऱ्या किती करशील."

त्याच्यानंतर दीड वर्षात चार ड्रायव्हर आले. एक बायजाला बघून खोखो हसला. एकानं तिला उतारावर ब्रेक दाबून दाखवायला नकार दिला आणि किल्ली घेऊन निघून गेला. तिसरा चांगला होता, पण त्याला चष्मा लागला होता आणि तो घालायला लाजत होता. बायजानं ते आठ दिवसांत ओळखलं आणि शेठला सांगितलं, तेव्हा तो ड्रायव्हर आणि शेठ दोघं मिळून तिच्यावर उखडले. सहाच्या चार बाया झाल्या, चाराच्या दोन. सहासष्टच्या पावसाळ्यात शेठनं गाडी बंद केली. दोन बायांसाठी बंदरापर्यंत यायला परवडत नाही, म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

राहिली शिवाची गाडी. बायजा एकदा तिच्यात गेली. पुढे बसायला तिला कोणी बोलावलं नाही, ती मागे हौद्यात चढली. मागून रस्ता नुसता निघून गेलेला दिसतो. येणारं काहीच दिसत नाही. गाडी किती जवळ आहे, पुढे काय आहे, ब्रेक कधी लागेल, काही कळायला मार्ग नाही. तिनं पाटीची कड घट्ट धरली होती. बाया हसत होत्या. पण त्यात पहिल्यासारखी मजा नव्हती. गोजरा हसत नव्हती. जासईला बायजानं फळी बडवून गाडी थांबवली, पाटी उतरवून घेतली आणि एसटीनं माघारी आली. पनवेलचा बाजार तिनं तिथेच सोडला.

शिवाची गाडी कधी उलटली नाही, हेही सांगून टाकतो. पुढे त्यानं दुसरा ट्रक घेतला. त्याच्या गाडीला नशीब म्हणा, त्याचा हात म्हणा, काहीतरी होतं. बायजाला शेवटपर्यंत ते खुपत राहिलं, आणि खुपतं याचीही लाज वाटत राहिली.

त्यानंतर ती उरणला, एसटी थांबते त्याच्यासमोरच्या नाक्यावर म्हावरं घेऊन बसू लागली. लहान बाजार, लहान पाटी. पण जागा अशी की एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस तिच्या समोरून जायचा. शाळेची पोरंही तिथेच उतरायची, आणि उतरली की सरळ एसटीच्या तोंडापुढून पलीकडे पळायची. पहिले चार दिवस बायजानं नुसतं बघितलं. पाचव्या दिवशी ती पाटी सोडून उठली आणि रस्त्यात जाऊन उभी राहिली.

"गाडी जाऊ दे, मंग जा! गाडीच्या पुढनं नाय! मागं थांब!"

मोठी माणसं तिच्याकडे बघून पुढे निघून जायची. एका पंतोजींनी तिला ऐकवलं, की आम्हाला रस्ता कसा ओलांडायचा ते कळतं. पोरं तिला चुकवून पळायची. तो एक खेळच झाला. तेव्हा ती पोरांचे दंड धरायला लागली. दोन्ही हातांत दोन-दोन पोरं धरून उभी राहायची. एसटी गेली, रस्ता मोकळा दिसला, की सोडायची. तोवर तिकडे पाटीवर कावळे बसायचे आणि गिऱ्हाईक निघून जायचं.

मग तक्रारी सुरू झाल्या. हेडमास्तरांनी शिपायाकरवी निरोप पाठवला, की मुलांना हात लावू नये. ती आठवडाभर नुसती ओरडली. नवव्या दिवशी एक मुलगा सायकलवाल्याच्या अंगावर गेला, दोघं पडले, कोणाला फार लागलं नाही. ती परत दंड धरायला लागली. शिपाई पुन्हा आला. तिनं त्याला मांदेलीचा वाटा दिला आणि सांगितलं, "मास्तरांना बोल, म्हातारी आयकत नाय."

एकोणसत्तरच्या उन्हाळ्याआधी एक दिवस एक आई तावातावानं आली. चांगल्या घरची, इस्त्रीचं पातळ. मुलाचा शर्ट हातात घेऊनच आली होती.

"हे बघा! रोज बाहीला माशाचा वास. वर्गातली मुलं याच्या शेजारी बसत नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलंय हे उद्योग करायला?"

बायजानं शर्ट हातात घेतला नाही. तिनं नुसतं बघितलं. बाहीवर चार बोटांचा खवल्यांचा डाग होता.

"कोनी नाय सांगितलं," ती म्हणाली. "वास धुतला की जातो, बाय."

त्या बाईनं आणखी काही काही ऐकवलं. बायजा ऐकत होती असं वाटत नव्हतं. ती तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. पनवेलची एसटी आली, थांबली, दार उघडलं. बायजानं दोन्ही हात लुगड्याला खसाखसा पुसले, वास घेऊन बघितले, परत पुसले, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.